पर्जन्याचे अंक कसे वाचावे ?

पवित्र शास्त्रांतील दानीएलाच्या पुस्तकांत बेलशस्सर राजाच्या मेजवानीची जी गोष्ट आहे, ती आपल्या शाळेंतील बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. ऐन मेजवानींत एका हाताचीं बोटें प्रकट झालीं व त्यांनीं भिंतीवर कांहीं शब्द लिहिले. राजाला अक्षरें दिसत होतीं. बाबेलचे ज्ञानी जमले, त्यांनाहि तीं दिसत होतीं. परंतु कोणाच्यानेंहि तीं वाचवेनात. शेवटीं दानीएलास बोलावून आणलें, तेव्हां त्या मोजक्या शब्दांचा अर्थ उलगडला. आणि ते शब्द तरी कसले, तर मोजणीचे व तोलण्याचे! अक्षरें दिसणें निराळें व तीं वाचतां येणें निराळें, हा जो भेद या कथेंत आहे, तोच आजच्या शास्त्रीय कामांत पदोपदीं अनुभवास येतो. तो एका उदाहरणानें स्पष्ट करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरणहि दूरचें नाहीं. आपल्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाचेंच आहे.

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ सालीं झाली. त्याचें मुख्य कार्यालय १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आलें व १९४४ मध्यें दिल्लीस गेलें. परंतु देशांतील पावसाच्या नोंदी जतन करण्याचें व त्यांचा अभ्यास करण्याचें मोठें काम पुण्याच्या कार्यालयांतच चालतें. देशभर ठिकठिकाणीं पर्जन्यमापकें ठेवलेलीं आहेत व रोज सकाळीं साडेआठ वाजतां मागील चोवीस तासांचा पाऊस मोजून त्याची नोंद होते. कांहीं केंद्रें जुनीं, कांहीं नवीं. कांहीं मध्येंच बंद पडलेलीं. १९०१ ते २०१० या काळांतील अशा ६,९५५ केंद्रांच्या नोंदी घेऊन विभागाच्या शास्त्रज्ञांनीं भारताच्या नकाशावर जणूं एक जाळें पसरलें. जाळ्याच्या गांठी पाव-पाव अंशावर आहेत. म्हणजे दक्षिणोत्तर दोन गांठींत सुमारें २८ किलोमीटरांचें अंतर. प्रत्येक गांठीवरचा पाऊस आसपासच्या केंद्रांवरून काढला. जवळच्या केंद्राच्या आंकड्यास अधिक वजन, दूरच्यास कमी, अशी ती रीत आहे.

हें जाळें पश्चिमेस ६६.५ रेखांशापासून पूर्वेस १०० रेखांशापर्यंत व दक्षिणेस ६.५ अक्षांशापासून उत्तरेस ३८.५ अक्षांशापर्यंत आहे. मोजून पाहिल्यास आडव्या ओळींत १३५ गांठी व उभ्या रांगेंत १२९ गांठी येतात, एकूण १७,४१५. वर्षाच्या ३६५ दिवसांनीं गुणल्यास ६३,५६,४७५ संख्या झाल्या. प्रत्येक वर्षाच्या इतक्या संख्या एका फाइलींत सांठविलेल्या असतात. १९०१ पासूनच्या अशा फाइली आज ज्यास पाहिजे त्यास मिळूं शकतात.

पण ती फाइल मिळवून एखाद्या विद्यार्थ्यानें हौसेनें उघडली, तर त्याची अवस्था बेलशस्सरासारखी होते. पडद्यावर चित्रविचित्र चिन्हांचा नुसता सडा पडतो; एकहि अंक ओळखूं येत नाहीं. फाइल बिघडलेली आहे असें त्यास वाटतें. वस्तुतः ती उत्तम स्थितींत असते; मात्र ती मनुष्याच्या लिपींत लिहिलेली नसून यंत्राच्या लिपींत लिहिलेली असते. अशा फाइलीस ‘बायनरी’ फाइल म्हणतात.

संगणकाच्या लिखाणांत ० किंवा १ या एका चिन्हास बिट म्हणतात व आठ बिटांचा एक बाइट होतो. एका बाइटांत ० पासून २५५ पर्यंतची कोणतीहि एक पूर्ण संख्या मावते. आपल्या पावसाच्या फाइलींत प्रत्येक आंकड्यास चार बाइट दिलेले आहेत. या बत्तीस बिटांपैकीं एक बिट संख्या धन कीं ऋण हें सांगतो, आठ बिट तिचा घात सांगतात व उरलेले तेवीस तिचे अंक सांगतात.

येथें कोणी विचारील कीं, साध्या अक्षरांत अंक लिहून ठेवले असते तर काय बिघडलें असतें ? बिघडलें असतें तें असें. ‘०’ लिहिण्यास एक अक्षर लागतें, ‘१२.५’ लिहिण्यास चार. आंकड्यांची लांबी अशी कमीजास्त असल्यावर दहा लाखावा आंकडा कोठें आहे हें समजण्यास पहिल्यापासून मोजीत यावें लागेल. सर्वांस सारखेच चार बाइट दिले म्हणजे नुसत्या गुणाकारानें हवी ती जागा सांपडते. सर्व ओव्या समान लांबीच्या असत्या, तर ग्रंथ न चाळतां पाहिजे त्या ओवीवर बोट ठेवतां आलें असतें, तसेंच हें आहे.

मात्र या सोयीची किंमत द्यावी लागते. फाइलींत संख्यांवांचून दुसरें कांहींच नाहीं. नांव नाहीं, तारीख नाहीं, गांव नाहीं, माप नाहीं. तें सर्व निराळ्या एका लहानशा टिपणांत लिहिलेलें असतें. तें टिपण हाच या कथेंतील दानीएल होय. तें न वाचतां जो फाइल वाचूं जातो, त्याला यंत्र अडवीत नाहीं. तें त्याला खुशाल चुकूं देतें. या चुका कोणत्या, त्या आतां क्रमानें पाहूं.

पहिली चूक बाइटांच्या क्रमाची. आपण ‘पंचवीस’ म्हणतों तेव्हां तोंडानें पांच आधीं व वीस मागून उच्चारतों. लिहितांना मात्र दोन आधीं व पांच मागून लिहितों. अंकओळख नुकतीच झालेलें मूल ऐकलेल्या क्रमानें ५२ लिहून मोकळें होतें. संगणकांतहि असे दोन संप्रदाय आहेत. कांहीं यंत्रें चार बाइटांपैकीं मोठ्या किंमतीचा बाइट प्रथम लिहितात, कांहीं लहान किंमतीचा. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हरच्या प्रवासां’त अंडें मोठ्या टोंकाकडून फोडावें कीं लहान टोंकाकडून, यावरून लढणारे लोक आहेत, त्यांचींच नांवें डॅनी कोहेन यानें १९८० सालीं या दोन संप्रदायांस दिलीं व तीं आज रूढ आहेत.

आपली पावसाची फाइल लहान टोंकाकडून लिहिलेली आहे. तिचे पहिले चार बाइट ०, १९२, १२१, १९६ असे आहेत. योग्य क्रमानें वाचल्यास त्यांची संख्या होते उणें ९९९. ही खूण आहे. तिचा अर्थ ‘येथें नोंद नाहीं’ असा. फाइलीचा आरंभ जाळ्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून होतो. तेथें समुद्र असल्यामुळें नोंद नाहीं, हें योग्यच आहे. पण हेच चार बाइट उलट क्रमानें वाचले, तर जी संख्या येते ती शून्याहून इतकी थोडी मोठी असते कीं, ती शून्यच म्हणावी. म्हणजे ‘नोंद नाहीं’ या वाक्याचें ‘पाऊस नाहीं’ असें वाक्य झालें. आणि यंत्रानें एका शब्दानेंहि हटकलें नाहीं!

दुसरी चूक मांडणीची. फाइलींत सर्व संख्या एकामागून एक, एकाच लांब रांगेंत असतात. शाळेचा हजेरीपट फाडून त्याच्या ओळी एकापुढें एक चिकटवाव्या तशी ती रांग आहे. ती पुन्हां कोणत्या लांबीवर कापावी हें ठाऊक असेल तरच हजेरीपट पूर्ववत् होईल. येथें दर १३५ संख्यांवर ओळ मोडावयाची, अशा १२९ ओळी झाल्या कीं एक दिवस संपला. प्रस्तुत लेखकानें प्रथम हें काम केलें तेव्हां १३५ व १२९ यांची अदलाबदल झाली. गुणाकार दोहोंचा एकच. म्हणून यंत्रानें निमूटपणें काम केलें. नकाशा काढून पाहिला तों हिंदुस्थानाच्या ठिकाणीं तिरप्या पट्ट्यांची जाजमासारखी नक्षी ! पुढें तो क्रम सुधारला, तेव्हां देश दिसूं लागला. पण कन्याकुमारी वर व काश्मीर खालीं! कारण फाइलींतील पहिली ओळ सर्वांत दक्षिणेकडची आहे व चित्र काढणारा पहिली ओळ वर ठेवतो. या दोन्ही चुका सुदैवानें डोळ्यांस दिसणाऱ्या होत्या. ज्या दिसत नाहींत त्याच खऱ्या घातक.

तिसरी चूक तशीच आहे. परीक्षेंत शून्य गुण मिळणें व परीक्षेस गैरहजर असणें यांतील भेद विद्यार्थ्यांस सांगावयास नको. पावसाच्या हिशेबांतहि शून्य म्हणजे पाऊस पडला नाहीं, व उणें ९९९ म्हणजे नोंदच नाहीं. समजा, चार गांठींवर अनुक्रमें १२, ८, १० व उणें ९९९ असे आंकडे आहेत. खूण न ओळखतां सरासरी काढली तर ती उणें २४२.२५ मिलिमीटर येईल. असा पाऊस पृथ्वीवर पडत नाहीं, म्हणून चूक तरी उघडकीस येईल. खुणेच्या जागीं शून्य धरलें तर सरासरी साडेसात येईल. ही दिसण्यांत शहाणी पण खोटी. खरी सरासरी तीन नोंदींची, म्हणजे १० होय.

चौथी चूक दिवसाची. आणि हिचें महत्त्व समजण्यासाठीं मुंबईचा तो भयंकर पाऊस आठवला पाहिजे. २६ जुलै २००५ च्या दुपारपासून मुंबईच्या उपनगरांत जो पाऊस कोसळला, त्यांत आगगाड्या थांबल्या, रस्ते बुडाले, मुलें शाळांतच अडकून राहिलीं व शेंकडों माणसें दगावलीं. सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. लोकांच्या तोंडीं तो ‘सव्वीस जुलैचा पाऊस’ म्हणूनच आहे. परंतु मोजणी सकाळीं साडेआठ वाजतां होते. म्हणून २६ च्या दुपारचा पाऊस २७ जुलैच्या नोंदींत पडतो. हें टिपण न वाचतां जो फाइलींत २६ जुलैचें पान उघडील, त्यास तो प्रलय तेथें सांपडणार नाहीं, व फाइल खोटी आहे असें तो म्हणेल. खोटी फाइल नव्हे; अपुरें आहे तें त्याचें वाचन.

आतां हीच नोंद आपण स्वतः शोधून काढूं. सोबत पेन्सिल घ्यावी. २००५ हें साधें वर्ष. २७ जुलै हा त्यांतील २०८ वा दिवस. म्हणजे त्यापूर्वीं २०७ दिवस संपले, प्रत्येकाच्या १७,४१५ संख्या, एकूण ३६,०४,९०५. सांताक्रूझला सर्वांत जवळची गांठ १९ अक्षांश व ७२.७५ रेखांश येथें आहे. ६.५ पासून १९ पर्यंत पाव-पाव अंशांनीं चढल्यास ५० ओळी ओलांडाव्या लागतात. प्रत्येक ओळ १३५ संख्यांची, म्हणून ६,७५०. त्या ओळींत ६६.५ पासून ७२.७५ पर्यंत २५ जागा. सर्व मिळून ३६,११,६८० संख्या मागें टाकल्या. चारांनीं गुणतां १,४४,४६,७२० बाइट झाले. एवढे बाइट ओलांडून पुढचे चार बाइट उचलले कीं मुंबईच्या त्या दिवसाचा आंकडा हातीं आला. अडीच कोटी बाइटांच्या ढिगांतून नेमका तो कण, आणि तोहि शाळेंतल्या गणितानें !

तथापि येथेंहि एक सावधगिरी हवी. त्या गांठीवर ९४४ हा आंकडा मिळेल अशी अपेक्षा धरूं नये. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेंत पाऊस पाऊणशें मिलिमीटरहि भरला नाहीं. आणि कुलाब्यास सर्वांत जवळची गांठ पाहूं गेल्यास ती हीच! एका गांठीवर एकच आंकडा. त्यांत बुडालेलें सांताक्रूझ व बरेंचसें कोरडें कुलाबा, दोन्ही सामावलेलीं. म्हणून गांठीचा आंकडा हा एका गांवाचा पाऊस नसून त्या टापूचा अंदाज आहे, हें न विसरणें हेंच खरें वाचन.

दर वेळीं पेन्सिलीनें असा हिशेब करीत बसणें शक्य नाहीं. म्हणून संगणकाकडून तें काम करवून घेतात. गिडो व्हान रॉसम यानें १९९१ मध्यें प्रसिद्ध केलेली पायथॉन नांवाची संगणकभाषा आज सर्वत्र शिकविली जाते. तिच्यांत संख्यांच्या राशींचें काम करण्यासाठीं ‘नम्पाय’ नांवाचा आज्ञासंग्रह आहे. ट्रॅव्हिस ऑलिफंट यानें त्याची पहिली पूर्ण आवृत्ति २००६ मध्यें काढली. ओळींत व स्तंभांत शिस्तीनें मांडलेल्या संख्यांच्या राशीस त्यांत ‘ॲरे’ म्हणतात. ‘फ्रॉमफाइल’ ही आज्ञा फाइलींतील बाइट उचलून त्यांच्या संख्या करते. मात्र चार बाइटांची अपूर्णांकी संख्या व लहान टोंक प्रथम, हें आपण सांगावें लागतें. ‘रीशेप’ ही आज्ञा त्या लांब रांगेचे ३६५ दिवस, १२९ ओळी व १३५ स्तंभ पाडते. त्याहि संख्या आपणच पुरवावयाच्या.

एवढ्यावर ॲरे तयार झाला; पण त्यांतील जागांस नांवें नाहींत. ‘२०७, ५०, २५’ असें म्हटलें तरच आंकडा मिळतो. नांवांची उणीव भरून काढण्यासाठीं स्टीफन हॉयर याच्या पुढाकारानें २०१४ मध्यें ‘एक्सअॅरे’ हा दुसरा संग्रह लोकांपुढें आला. यांत प्रत्येक बाजूस ‘काल’, ‘अक्षांश’, ‘रेखांश’ अशीं नांवें देतां येतात व प्रत्येक ओळीवर तिची तारीख किंवा अंश लिहितां येतो. उणें ९९९ या खुणेच्या जागीं ‘संख्या नव्हे’ असा अर्थ असलेलें विशेष चिन्ह घातलें, म्हणजे सरासरी काढतांना तें आपोआप वगळलें जातें. मग ‘२७ जुलै २००५, १९.१ अक्षांश व ७२.८५ रेखांश यांच्या जवळचा आंकडा दे’ असें मनुष्याच्या भाषेंत विचारावें व उत्तर घ्यावें. जून ते सप्टेंबरची बेरीज एका आज्ञेनें होते. तिचा नकाशा काढला कीं सह्याद्रीच्या कडेनें पावसाचा दाट पट्टा व त्याच्या पूर्वेस एकदम विरळ झालेला देश दिसूं लागतो. हा भूगोल ज्यास ठाऊक आहे त्यास आपलें वाचन बरोबर झालें कीं नाहीं हें त्या चित्रावरून तत्काळ कळतें.

परंतु नोकर कितीहि हुशार असला तरी धन्यानें डोळे मिटूं नयेत. एक्सअॅरेला बेरीज करावयास सांगितली व एखाद्या गांठीवर सर्वच दिवस ‘संख्या नव्हे’ असेल, तर तो उत्तर शून्य देतो. म्हणजे घालविलेली चूक मागील दारानें परत येते व समुद्रावर पाऊस पडलाच नाहीं असें चित्र निघतें. निदान एक तरी खरी नोंद असल्यावांचून बेरीज करूं नये, अशी अट घातली कीं हा दोष जातो. तसेंच ‘जवळची गांठ’ मागतांना लंडनचे अंश दिले तरी तो जाळ्याच्या कडेचा एक आंकडा बिनदिक्कत हातांत ठेवील. म्हणून किती अंतरापर्यंत ‘जवळ’ म्हणावयाचें तेंहि सांगून ठेवावें.

आरंभीं करावयाची एक सोपी परीक्षाहि सांगून ठेवतों. एका दिवसाच्या संख्यांस ६९,६६० बाइट लागतात. फाइलीच्या एकूण बाइटांस या संख्येनें भागावें. २,५४,२५,९०० बाइट असतील तर भागाकार ३६५ येईल. लीप वर्षाच्या फाइलींत २,५४,९५,५६० बाइट असून भागाकार ३६६ येईल. महाराष्ट्रांतील मोठ्या दुष्काळाचें १९७२ हें वर्ष लीप वर्षच होतें; तेथें ३६५ धरून चालणाराचा ३१ डिसेंबर हरवेल. बाकी उरली तर फाइल अर्धवट उतरली आहे असें समजावें व पुढें एक पाऊलहि टाकूं नये.

काम पुरें झाल्यावर ही रास ‘नेटसीडीएफ’ नांवाच्या पद्धतीच्या फाइलींत सांठवून ठेवणें चांगलें. अमेरिकेंतील बोल्डर येथील युनिडाटा या संस्थेनें ही पद्धति सिद्ध केली. तींत नांवें, तारखा, मापें व ‘नोंद नाहीं’ची खूण हीं सर्व संख्यांच्या सोबत एकाच फाइलींत राहतात. पुढच्या वाचकास दानीएल शोधीत हिंडावें लागत नाहीं.

पालकांस एवढेंच सांगावयाचें कीं, या अभ्यासास भारी यंत्र लागत नाहीं. घरचा साधा संगणक पुरतो व वर सांगितलेले दोन्ही संग्रह विनामूल्य मिळतात. लागते ती चिकाटी. आपल्या मुलानें पडद्यावर सुरेख रंगीत नकाशा दाखविला, तर त्याचें कौतुक अवश्य करावें. पण ‘शून्य कोठें आहे व नोंद नाहीं कोठें आहे?’ हा एक प्रश्नहि त्यास विचारावा.

विद्यार्थिमित्रहो, पावसाच्या आंकड्यांवर धरणांतलें पाणी सोडण्याचे, पुलांची उंची ठरविण्याचे व शेतकऱ्यांस दुष्काळांत मदत देण्याचे निर्णय उभे असतात. ‘नोंद नाहीं’ याचें ‘पाऊस नाहीं’ झालें, किंवा एका दिवसाची तारीख सरकली, तर त्याचा भार कोणा तरी खऱ्या माणसाच्या डोक्यावर पडतो. ज्यांना हौस असेल त्यांनीं येत्या मृगापासून अंगणांत एक पर्जन्यमापक ठेवून वही सुरू करावी. मात्र त्या वहीच्या पहिल्या पानावर एकहि आंकडा लिहूं नये. जागा कोणती, मोजण्याची वेळ कोणती, माप कोणतें, आणि ज्या दिवशीं मोजावयाचें राहून गेलें त्या दिवशीं खूण कोणती घातली, एवढें तेथें स्वच्छ अक्षरांत लिहावें. मग दुसऱ्या पानापासून पाऊस लिहूं लागावें.